पाटलीणकाकूंच्या डोळ्यातलं फूल

माणूस गेला की त्याच्या डोळ्यातला तो पांढरा ठिपका कुठं जातो हो?

मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तू शाळा सोडलीस तेच बरं केलंस." हकीमसाहेबांना विचारलं, तर त्यांनी माझीच नाडी धरली. आईला विचारलं नाही.

कोणता ठिपका म्हणता? चहाची बशी जरा खाली ठेवा आणि शेजारच्याच्या डोळ्यात बघा. बुबुळावर, एका कडेला, खसखशीच्या दाण्याएवढा. दिसला? तोच. तुम्हाला झटक्यात दिसला. मला दिसायला अठरा वर्षं लागली, आणि तेवढ्यात मी पाटलीणकाकूंना जितेपणी मारून बसलो! हसू नका, आधी ऐका तर.

माझा थोरला भाऊ, दादा, चित्रं काढायचा. हिंगोलीच्या शाळेत दोन वर्षं एका ड्रॉइंगमास्तरांच्या हाताखाली होता. मी तिसरीतून पळालो तो थेट बैलांच्या मागं. दादाचं सामान म्हणजे कागद आणि तुराटीचा कोळसा. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, आम्ही चुलीत घालायचो. त्यातून माणसं निघतात हे मला काय ठाऊक!

एकदा त्यानं गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीवर गोल काढला.

"किसन्या, काय हाय हे?"

"भाकर."

त्यानं एका बाजूला कोळसा लावला, बोटानं चोळला. "आन् आता?"

काय सांगू! भाकर फुगली. फुगली ती फुगतच गेली, आणि भिंतीतून चक्क कवठ बाहेर आलं! मी उचलायला हात पुढं केला. खरंच केला. बोटं भिंतीवर आपटली.

"रेघ, आकार, सावली," दादा म्हणाला. "एवढंच अस्तंय. चौथं एक हाय, ते उद्या सांगतो."

उद्याची वाट कोण बघतो? चारातली तीन कळली म्हणजे सगळं कळलं! काळं लावलं की जीव येतो, बास. महिनाभर मी गावातल्या भिंतींवर कवठं फुगवत हिंडलो. एक मारुतीच्या देवळावर फुगवलं आणि गुरवाचा मार खाल्ला.

अशात आमच्या गावच्या पाटलीणकाकूंना स्वतःची तसबीर काढून घ्यावीशी वाटली. काकूंचा भाऊ हैदराबादेत वकील. काकू दादाला म्हणाल्या, "तसबीर मनाजोगी झाली, तर भावाला कागद लिहिते. तिथं चित्राची शाळा हाय, तो तुझी सोय लावल. न्हाई झाली, तर नांगर हायेच तुझा."

दादाचं सगळं हैदराबाद त्या एका कागदावर टेकलं होतं.

काकू चार दिवस आमच्या ओसरीवर बसल्या. नाकात नथ, मांडीशी पानाचा डबा.

"काकू, तोंड हलवू नका," दादा म्हणायचा.

"मंग पान काय नाकानं खाऊ?"

चौथ्या दिवशी चित्र झालं. दादा हात धुऊन म्हणाला, "काकूला बलवून आणतो. किसन्या, हात लावू नको."

मी फक्त बघत होतो हो! नथीचा मोती बघितला, पदराची चुणी न् चुणी बघितली. मग डोळे बघितले. दोन्ही बुबुळांवर पांढरं! देवी येऊन गेलेल्या माणसाच्या डोळ्यात पांढरा डाग राहतो ना, त्याला आम्ही फूल म्हणतो. माझ्या आत्याला होतं. त्यापायी तिची सोयरीक दोनदा मोडली. आणि इथं दादानं पाटलीणकाकूंच्या डोळ्यात फूल काढून ठेवलं होतं, तेही दोन्ही डोळ्यांत!

आता मला सांगा, सख्खा भाऊ गप बसेल का? कोळसा उचलला. टच. टच. दोन्ही बुजवले. वर आणखी थोडा चोळला, कारण काळं लावलं की जीव येतो!

काकू आल्या. मागं तीन बाया. काकू चित्रासमोर थांबल्या, आणि त्यांच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

"अगं माय! ही मेलेली बाई कोण?"

"असं काय बोलता," मागची एक म्हणाली. "कपाळाला कुंकू तर हाय."

"मढ्याला बी लावत्यात!" काकू कडाडल्या. "चार दिस मला जिती बसवली आन् मढं काढलं व्हय रं?"

मी छाती काढून पुढं झालो. "काकू, आदी तर तुमच्या डोळ्यात फूल होतं. म्या बुजवलं!"

"फूल? माझ्या डोळ्यात?"

काकूंनी ओसरीखाली काढलेली वहाण शोधायला सुरुवात केली. बाया मागं सरकल्या. "चला गं! कसलं हैदराबाद न् कसलं काय!"

दादानं माझ्याकडं पाहिलं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तो नुसता म्हणाला, "काकू, जरा चुना द्या."

"ह्या वख्ताला पान खातो का मेल्या?"

पण डबा पुढं केला. दादानं विड्याच्या पानाचं देठ खुडलं, टोकाला चुना घेतला आणि काकूंना नाही, मला म्हणाला, "किसन्या, हे चौथं. उजेड."

देठ एका डोळ्याला टेकलं. मग दुसऱ्याला.

आणि काकू बघायला लागल्या! ओसरीवरच्या नव्हे, कागदावरच्या! माझ्या अंगावर काटा आला. खऱ्या काकूंनी हळूच आपला पदर सावरला, जसा परक्या बाईसमोर सावरतात.

"बघून राहिली ना गं माझ्याकडं," त्या पुटपुटल्या. मग दादाला म्हणाल्या, "कागद आजच लिहिते. पर ह्या धाकट्याला संगं नेऊ नको."

त्या दिवसापासून मी दिसेल त्याच्या डोळ्यात बघू लागलो. शेजारची म्हातारी ओरडली, "काहून डोळे फाडून राहिला रं?" बैलाच्या डोळ्यात बघितलं, तर त्या ठिपक्यात गोठ्याचं अख्खं दार उभं होतं. एवढं मोठं दार, एवढ्याशा ठिपक्यात! आणि रोज त्याच बैलाला वैरण घालणाऱ्या मला ते कधी दिसलं नव्हतं.

दादा दिवाळीनंतर जाणार होता. त्याआधी आरशात बघून त्यानं स्वतःची तसबीर काढली, आईसाठी. सगळं झालं. "उजेड शेवटाला," म्हणाला, "उद्या."

उद्या ताप चढला. मुदतीचा, आठवडे उलटले तरी न उतरणारा. शेवटी मी त्याच्या डोळ्यातच बघत बसलो होतो. ठिपका होता. होता. आणि मग ते डोळे तसेच उघडे होते, पण ठिपका नव्हता.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई तसबिरीसमोर बसली होती. म्हणाली, "ह्यो माझ्याकडं बघत न्हाई रं किसन्या."

मी चुना आणला. देठ खुडलं. डावा डोळा बराबर जमला. उजव्याला देठावर चुना जास्त घेतला, आणि त्याचा हा एवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब बसला. फूल! काकूंच्या डोळ्यात नसलेलं फूल बुजवणाऱ्या मी दादाच्या डोळ्यात खरंखुरं फूल पाडलं!

झटकन कोळसा उचलला. "थांब आई, आत्ता नीट करतो."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. तिची नजर तसबिरीवरून हलली नव्हती. "बघून राहिला तो. हात लावू नको."

हेच दादानं सांगितलं होतं, तेव्हा ऐकलं नाही. या खेपेला ऐकलं. कोळसा खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभा राहिलो.