नोरीनच्या मागच्या दाराची बेल

वॉलरू या बंदराच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजात नोरीन पेनहॉलनं सतरा वर्षं गावाच्या तारा जोडल्या. याची तार त्याला, त्याची तिला. कुणाचं कुणाशी जमतंय आणि कुणाचं फाटलंय, हे तिला पाद्र्याच्या आधी कळायचं, आणि तिचं तोंड पाद्र्यापेक्षा घट्ट. पुढं सगळं यंत्रावर गेलं, नोरीन घरी बसली, पण खोड काही गेली नाही. दोन वस्तू एकमेकींशी बोलत नाहीत असं दिसलं, की तिच्या बोटांना खाज सुटते.

म्हणून शहात्तराव्या वर्षी, खुब्यात नवंकोरं हाड बसवलेलं असताना, ती कॅमेऱ्याची बेल घराला जोडायला बसली.

खुब्याचं कारणही दारच होतं. फेब्रुवारीत पार्सलवाल्यानं दार वाजवलं आणि तो पाठ फिरवून निघाला. ही "आले, आले" करत धावली ती पायपुसण्यावरून थेट दवाखान्यात. तेव्हापासून तिची मुलगी लॉरेल एकच पालुपद घेऊन बसली होती.

"आई, माझ्या घराजवळ ॲडलेडला वयस्करांची वसाहत आहे. छोटं घर मिळतंय. बाग आहे."

"बाग मलापण आहे."

"दार वाजलं की तू पळतेस."

"दार वाजलं की माणसानं पळायचंच असतं."

"तेच म्हणते मी."

शेवटी फोनवर सौदा ठरला. लॉरेल रविवारी येणार. त्या दिवशी दारं कुलूपबंद ठेवून, दारी येणाऱ्या तिघांना नोरीननं खुर्चीतून न उठता आत घ्यायचं. जमलं तर वसाहतीचं नाव पुन्हा निघणार नाही. एकदा जरी उठली, तरी मंगळवारी गुमान घर बघायला जायचं.

जावयानं नाताळात घर शहाणं करून ठेवलंच होतं. दिवे, टीव्ही, किटली, पुढच्या दाराचं कुलूप, सगळं एका बोलणाऱ्या डब्याचं ऐकायचं. बेल तेवढी नोरीननं स्वतः मागवली. पण बेलचं ॲप वेगळं, घराचं वेगळं. दोन्ही एकाच फोनात राहायची आणि एकमेकांकडं ढुंकून बघायची नाहीत, लग्नात रुसलेल्या विहिणींसारखी. दोन दिवस नोरीननं चष्मा कपाळावर-नाकावर केला. तिसऱ्या दिवशी तिला उमजलं, की बेलचं नाव आणि परवलीचा शब्द घराच्या ॲपला सांगावा लागतो, मग फोनवर सहा आकडे येतात, ते भरले की गाठ बसते. तिनं आकडे भरले. डबा खाकरल्यासारखा वाजला आणि म्हणाला, "पुढच्या दाराची बेल जोडली गेली आहे."

"लागली लाइन," नोरीन म्हणाली आणि वॉकर धरून जागच्या जागी दोन पावलं नाचली. डॉक्टरांनी नाचू नका असं कुठं सांगितलं होतं?

मग तिनं घराला नियम शिकवले. दाराशी कुणी आलं की दिवा लागावा, टीव्हीवर माणूस दिसावा, किटली तापायला लागावी. कुलूप मात्र तिनं "उघड" म्हटल्याशिवाय आणि आपला चार आकड्यांचा खुणेचा नंबर सांगितल्याशिवाय हलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून किटली उकळायला लागली. एकदा, दोनदा, पाचदा. टीव्हीवर बघते तर पायरीवर काळापांढरा मॅगपाय पक्षी, छाती काढून, घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा येरझाऱ्या घालतोय. नोरीननं 'बटण दाबलं की' ऐवजी 'हालचाल दिसली की' असं निवडलं होतं. दुपारपर्यंत मॅगपायसाठी नऊ किटल्या पाणी उकळलं. हसून हसून तिच्या नव्या खुब्यात कळ आली. मग तिनं नियम बदलला, आणि घर एकदम गप्प झालं.

नको इतकं गप्प झालं. चार दिवस बेल वाजलीच नाही.

लोक येत नव्हते असं नाही. शेजारचा क्लाइव्ह, जन्मभर धक्क्यावर जहाजांत गहू चढवलेला गडी, रोज यायचा. शनिवारी तो बादलीभर निळे खेकडे घेऊन मागच्या अंगणातून, जाळीचं दार लोटून थेट स्वयंपाकघरात उभा.

"क्लाइव्ह, बाहेर जा. पुढून ये. बेल वाजव."

क्लाइव्हनं बादली खाली ठेवली. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तालीम आहे."

"पुढून आलो तर पलीकडची डोरीन बघेल. म्हणेल, क्लाइव्हनं नोरीनला मागणी घातली."

"घालायची असती तर आंघोळ करून आला असतास. जा आता."

तो गेला. तिनं फोनवर बेलचा कॅमेरा उघडून पाहिलं, तर टोपी काढून हातात धरलेली, केस थुंकी लावून बसवलेले, चेहरा कर्ज मागायला आल्यासारखा. बटण दाबायचं सोडून त्यानं दोन मिनिटं बुटांकडं बघितलं आणि वळसा घालून पुन्हा मागून आत आला. "नाही जमत गं. गुन्हा केल्यासारखं वाटतं."

मैत्रीण जॉयलिन तर फोनवरच उखडली. "पुढच्या दारानं मी एकदाच आले, तुझ्या नवऱ्याला, रॉयला नेलं तेव्हा. आता तुला नेतील तेव्हा येईन. तोवर मी मागूनच येणार, आणि तुझी बेल घाल चुलीत."

नोरीननं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. या गावात पुढच्या दारानं येतात ते पोलीस, देवाची पुस्तकं वाटणारे, मतं मागणारे आणि घाईतला पार्सलवाला. जन्म इथं काढला आणि बेल लावली ती परक्यांच्या दाराला. उद्या रविवार. तिघं येतील ते मागून येतील, आणि मागचं कुलूपबंद दार उघडायला तिला उठावं लागेल. मंगळवार डोळ्यांपुढं उभा राहिला, बागेसकट.

"क्लाइव्ह, ड्रिल आण."

संध्याकाळपर्यंत बेल आणि कुलूप दोन्ही मागच्या दारावर गेली. एवढ्यावर भागतंय कुठं. खाणकामगार पणजोबानं बांधलेल्या घराच्या भिंती हात हात जाड, पुढच्या खोलीतलं वायफाय मागं पोचेना. ते उचलून पावाच्या डब्यावर ठेवलं, तेव्हा मागच्या बेलला कंठ फुटला. क्लाइव्हनं बाहेरून बटण दाबलं. दिवा लागला, टीव्हीवर त्याची नाकपुडी दिसली, किटली गुणगुणायला लागली.

"उघड," नोरीननं हुकूम सोडला आणि नंबर सांगितला. कुलूप खटकन सुटलं. क्लाइव्ह आत आला तो लहान पोरासारखा हसत. "पुन्हा करू?"

सात वेळा केलं.

रविवारी अकरा वाजता नोरीन खुर्चीत बसली. मांडीवर फोन, वॉकर मुद्दाम लांब सरकवलेला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बेल वाजली नाही. दारावर थाप पडली, पुढच्या दारावर.

परीक्षा घ्यायची म्हणून लॉरेल जन्मात पहिल्यांदा पुढून आली होती.

पुन्हा थाप. नोरीनचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. सतरा वर्षं तिनं एक हाक बिनउत्तराची सोडली नव्हती. पाय आपोआप जमिनीला रेटा द्यायला लागले, बूड बोटभर उचललं गेलं. "बस, नोरीन," ती दातओठ खात स्वतःला म्हणाली, आणि धपकन बसली.

फोन वाजला. "आई, इथं बेलच नाही, नुसती दोन भोकं आहेत."

"मागून ये."

"आई, आपलं ठरलं होतं…"

"दारं बंद ठेवून, येणाऱ्याला न उठता आत घ्यायचं, एवढंच ठरलं होतं. कुठलं दार ते ठरलं नव्हतं. मत मागायला आली असशील तर थांब तिथंच."

अंगणात पावलं वाजली. बेल झाली. दिवा, टीव्ही, किटली. टीव्हीवर लॉरेल, ओठ आवळून, खांद्यावर पर्स.

"उघड," नोरीन म्हणाली आणि नंबर दिला.

लॉरेल आत आली. तिनं दिव्याकडं पाहिलं, वाफ सोडणाऱ्या किटलीकडं पाहिलं, मग आईच्या बुडाकडं नीट पाहिलं. ते खुर्चीतच होतं.

"एक," नोरीन म्हणाली.

दुसरा क्लाइव्ह. आंघोळ करून. तिसरी जॉयलिन, हातात खिमा-बटाटा भरलेल्या गरम पेस्टींचा ट्रे. तिनं कोपरानं बटण दाबलं, टीव्हीवर आपण जाड दिसतो का ते जाळीतून वाकून पाहिलं आणि पुन्हा दाबलं. खिडकीतून हे बघून डोरीन कधी नव्हे ती आली आणि तिनं नुसतीच बेल वाजवून घेतली. एव्हाना किटलीतलं पाणी आटलं होतं आणि लॉरेल हसू दाबता दाबता ठसकत होती.

तिनं फोन काढला. वसाहतीच्या कचेरीत रविवारी कोण असणार, ती यंत्रालाच निरोप देत होती: "मंगळवारी आम्ही घर बघायला येणार होतो. येत नाही. नाही, तब्येत बरी आहे. आईला सवड नाही, तिच्याकडं सारखं कुणी ना कुणी…"

बेल वाजली. लॉरेल बोलता बोलता सवयीनं उठून दाराकडं निघाली.

"बस खाली," नोरीन म्हणाली. "पळतेस कशाला?"