सातवं काडतूस

तमाम मुलुंडकरांस, आणि ऐकायला बसलेल्या इतर सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की ऐंशीच्या दशकातल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, आमच्या घरातली चार माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. समोर टीपॉयवर एक पिस्तूल होतं. ते भरलेलं आहे की रिकामं, हे चौघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

पिस्तूल माझ्या सासऱ्यांचं, त्याआधी त्यांच्या वडिलांचं. हे वडील सावंतवाडीकडे जंगलखात्यात होते आणि मायदेशी निघालेल्या एका साहेबाने त्यांना ते दिलं होतं. बेल्जियमचं, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे निघालेल्या जातीचं. कोटाच्या खिशासाठीच बनवलेलं, म्हणून कडा गोल आणि काडतुसावर आपटणारा घोडा बाहेर नाहीच, आत. खिशात अडकायला नको. साहेबाची सोय झाली, पण नुसतं बघून त्याच्या पोटात काय आहे हे आम्हाला कळेना.

सोमवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी पिस्तूल आणि सातही काडतुसं चौकीत दाखवायची होती. काडतुसांच्या डबीत सहाच निघाली. सातवं सापडलं नाही तर पिस्तूल जमा होणार, आणि सासऱ्यांकडे वडिलांची दुसरी एकही वस्तू नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी खंडेनवमीला त्यांनी देव्हाऱ्यासमोर पाटावर सगळं मांडून पूजा केली होती. मी नवी सून, तेव्हा आत वड्यांच्या कढईपाशी. सासूबाईंनी विळी-कोयत्याबरोबर पिस्तुलालाही मायेने खोबरेल चोळलं होतं. ते तेल आता थंडीत असं थिजलं होतं की वरचा भाग मागे सरकेना. पूजेनंतर आपण काडतुसं आत भरून पाहिली होती की नाही, हे सासऱ्यांना आठवेना.

"रिकामा आसा," सासऱ्यांनी काढून ठेवलेला काडतुसांचा मोकळा कप्पा दाखवत नवरा म्हणाला.

"मगे तू उचल," सासूबाई म्हणाल्या.

त्याने हात खिशात घातले.

"मॅगझिन बाहेर काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं होत नाही," सासरे म्हणाले. कायद्याचं बोलायचं असलं की ते मालवणी सोडून शुद्ध मराठीत शिरत. "एक नळीत राहू शकतं. डोळ्यांनी बघेपर्यंत भरलेलंच समजायचं."

मग त्यांनी नळी खिडकीखालच्या जाड भिंतीकडे ठेवून थेंबथेंब रॉकेल सोडलं. अर्धा तास. माझा तर पुरता गोंधळ उडाला. भरलेलं निघालं तर भीती, रिकामं निघालं तर काडतूस गेलं. देवाकडे नेमकं काय मागायचं?

अखेर ते सरकलं. सासऱ्यांनी आत पाहिलं, करंगळी घालून चाचपलं. रिकामं.

"बघ," नवरा आईला म्हणाला.

सासरे देव्हाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. रोज ते लांबूनच हात जोडत. त्या दिवशी चष्मा लावून जवळ गेले. बराच वेळ हात जोडलेलेच. मग त्यांनी वाकून माझ्या माहेरच्या अन्नपूर्णेशेजारचा एक देव उचलला, अंगठ्याने त्याचं गंध पुसलं आणि उलटा करून बुडाखालची इंग्रजी अक्षरं वाचली.

दसऱ्याला निर्माल्य काढताना फुलांत ते मला सापडलं होतं. कुंकवाने माखलेलं, पितळेचं, बोटाच्या पेराएवढं. कोकणातले देव नाना आकारांचे; विचारलं तर पार्ल्याच्या मुलीला सासरचे देवही ओळखता येत नाहीत म्हणतील, म्हणून मुकाट्याने अन्नपूर्णेशेजारी उभं करून ठेवलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून त्याला आंघोळ घालून गंधफूल वाहिलं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

सासऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

मोतीबिंदूचे डोळे बारीक करत सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि बोलून गेल्या, "माका वाटला, ह्यो तुझ्या म्हायेरचो देव."