पुलाजवळचं गेट

आमचं गाव पाटाच्या शेपटाला. वरच्या गावांची भिजवणी उरकली की पाणी आमच्याकडे यायचं, आलं तर. म्हणून आमच्या गावची माणसं मुलगी देताना आधी एकच बघत, शेत पाटाच्या वरच्या अंगाला आहे ना. नवरा मुलगा त्यानंतर. ताईचं स्थळ बघायला गेलेले अण्णा, म्हणजे आमचे वडील, आधी दगडी पुलाजवळच्या गेटवर जाऊन उभे राहिले. चारीत धो धो पडणारं पाणी बघितलं आणि होकार तिथंच ठरवून टाकला. पोरगी पाण्याच्या घरी पडली, असं ते पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

या उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटलं, पण ते पुलाच्या खालच्या अंगाला उतरलंच नाही. आमच्या मोसंबीची पानं वळायला लागली. बाग म्हणजे काही कांदा नव्हे, यंदा गेला तर पुढच्या साली लावला. अण्णांनी ती लावली तेव्हा मी शाळेत होतो. ती गेली तर पुन्हा लावायला त्यांच्याकडे वय नव्हतं.

आम्ही निवेदनं दिली. पाटबंधारे कार्यालयात, तहसीलमध्ये, आमदारांच्या बंगल्यावर. मंत्री येणार म्हणून भर उन्हात नेवाशाच्या फाट्यावर उभे राहिलो. गाडीची काच अर्धी खाली झाली, निवेदन आत गेलं, काच वर झाली. फोटोत कुणी कुठं उभं राहायचं, हेही आम्हाला सवयीनं कळू लागलं होतं. सगळे एकच म्हणत, बघतो. त्या शब्दाची मला इतकी चीड बसली आहे की घरात कुणी बोललं तरी डोकं फिरतं.

शेवटी अख्खं गाव पाटबंधारे कार्यालयाच्या दारात जाऊन बसलं. अण्णा सगळ्यात पुढे. दुपारी साहेबांनी आमच्यातल्या चार-पाच जणांना आत बोलावलं. आत वरच्या गावची माणसंही होती, आणि त्यांत ताईचे यजमान, आमचे दाजी. दाजी उठले, अण्णांच्या पाया पडले, आपली खुर्ची त्यांना दिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

आम्ही जास्तीचं पाणी मागायला गेलो होतो. साहेब म्हणाले, धरणात तेवढं नाहीच. आहे तेच खाली न्यायचं तर वर कुठंतरी बंद करावं लागेल.

"सगळ्यात जास्त पाणी कुठलं गेट ओढतं, ते तुम्हीच सांगा. उद्या बंदोबस्तात कुलूप लावतो."

त्यांना काय माहीत नव्हतं? उद्या कुणी विचारलं तर बोट आमच्याकडे दाखवता यावं, एवढ्यासाठी विचारत होते. पुलाजवळच्या गेटच्या पाण्यावर ताईनं चाऱ्यासाठी लावलेला घास होता, घासावर तिच्या गाई, आणि सासरच्या घरात हक्काचं म्हणावं असं तिच्याकडे एवढंच होतं. अण्णा, बोलू नका, असं मी मनात म्हणत होतो. बागही मला हवीच होती.

अण्णा दाजींकडे न बघता म्हणाले, "पुलाजवळचं."

कुलूप लागलं. पाणी मधल्या गावांतून रखडत रखडत आलं, तोवर निम्मी झाडं वाळली होती. सकाळी अण्णा फावडं घेऊन उरलेल्या झाडांना पाणी देत होते, तेवढ्यात ताईचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन स्पीकरवरच असतो.

"अण्णा, पाणी पोचलं का बागंत?"

"पोचलं, बाई."

"बरं झालं. गाई काल बाजारात धाडल्या. घासच न्हाई राह्यला. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

अण्णांनी फोन खिशात ठेवला आणि तसेच उभे राहिले. आळं भरलं, बांध फुटला, इतके उंबरे झिजवून आणलेलं पाणी रस्त्यानं वाहत चाललं. त्यांना ते दिसत होतं. मी पुढे होऊन त्यांच्या हातातलं फावडं घ्यायला गेलो, तर त्यांची मूठ सुटेना.