पोरींच्या हातात कोयता

सिंधूबाईला कुणी नुसती "मजूर" म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. लोधीपुऱ्यातून रोज सकाळी ती शेतकी शाळेच्या मळ्यावर यायची. बावीस वर्षं केळीत गेली तिची. किती सर आले नि गेले! शिकवायचे ते, निस्तरायची ही. मग मजूर कोण, सांगा!

यंदा नीलेश सर नवे आले. प्रात्यक्षिकाला त्यांनी मुलांच्या हाती कोयते दिले आणि मुलींना म्हणाले, "तुम्ही बांधावर बसून वहीत आकृत्या काढा. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, घरचे ओरडतील."

मुलींतली जसोंडीची निशा रडकुंडीला आली. सिंधूबाई फटकन बोलली, "मग शाळेत कशाला आल्या ह्या? चित्रं काढायला?"

सर हसले. "ठीक आहे, मावशी. चार ओळी मुलांच्या, चार मुलींच्या. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायची. मुलींचं काम खराब निघालं, तर वर्षभर वहीच."

झालं! पोरांनी सपासप हात चालवले. पिलं जमिनीच्या वर वीतभर ठेवून छाटली नि तासाभरात मोकळे. सर खूश. मुली अजून मातीत गुडघे टेकून होत्या.

"जमिनीलगत काप, नी मग टोक खुपसून आतला पोगा, तो कोवळा कोंब, उकरून काढ," सिंधूबाई सांगत होती. "नाहीतर चार दिवसांत परत उभं राहतं मेलं."

"क्या मॅडम, रात हो जाएगी!" पोरं बांधावरून चिडवत होती. सिंधूबाईनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. एकही पोगा राहिला तर पोरी परत वहीत जाणार, ह्या धास्तीनं तिनं प्रत्येक बुंधा स्वतः चाचपला.

पाचव्या दिवशी सगळे मळ्यात आले. मुलांच्या ओळींत प्रत्येक कापातून हिरवी सुरळी वर आली होती, चांगली वीतभर. मुलींच्या ओळी साफ होत्या.

सरांनी वाकून दोन्हीकडच्या ओळी पाहिल्या. मग पुटपुटले, "ते ठीक, पण हे डाग..."

निशानं डागाळलेली बाही पुढे केली. "बाबांना दाखवली, सर. म्हटलं, आता आपल्या मळ्यातही मीच कापणार."

सिंधूबाईचे डोळे भरून आले, पण दाखवेल ती कसली! तिनं सगळे कोयते गोळा करून मुलींपुढे ठेवले.

"चला गं, पोरांना शिकवा. नी सर, तुम्हीपण या. बाह्या सरसावून."