वर केलेला हात

मेट्रोसाठी घरपट्टी वाढणार, म्हणून आमच्या सोसायटीने सभा बोलावली होती. "आपल्या दारात गाड्या आहेत, आपण का भरायचं?" सेक्रेटरीकाका म्हणाले. विरोधात सगळ्यांनी हात वर केले, मीही. मोजणी होईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. समोरच्या थांब्यावर आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या सुनंदाताईंनीही हात वर केला होता. बस खच्चून भरलेली, थांबलीच नाही. हात दोघींचे सारखेच. पण माझा मोजला जात होता. ताईंची नजर वर, खिडकीकडे गेली. त्यांना वाटलं, मी त्यांनाच हात करतेय. त्यांनी हसून हात हलवला. मान खाली घालावी, तर तेही जमेना. मीही हात हलवला.

"मोजला तुमचा," काका म्हणाले, "आता खाली घ्या."