लायटरचा खटका

अर्धांगवायूनंतर बाबांच्या उजव्या हाताला व्यायाम हवा म्हणून आईने त्यांना गॅसचा लायटर दिला. रोज दुपारी ते खिडकीशी बसून त्याच्या खटक्यावर अंगठा रेटतात. खटका जरासा आत जातो आणि तिथेच अडतो.

लायटरच्या पोटात एक बारीक स्फटिक असतो. त्याला बॅटरी लागत नाही. खटका पुरता दाबला की आतली इवलीशी हातोडी त्याच्यावर आदळते, त्यातून वीज निघते, ठिणगी पडते. पण ठोकाच बसावा लागतो. अर्धवट दाबाला तो दगडासारखा गप्प राहतो. बाबांचा सगळा जीव अंगठ्यात गोळा होतो, कपाळावर घाम येतो, आणि स्फटिकाला त्याचा पत्ताही लागत नाही. एवढा जोर मग जातो कुठे?

आई आता काडेपेटीने गॅस पेटवते. लायटर परत मागत नाही.

काल मी चहा गाळत असताना बाहेरून ‘टक’ असा आवाज आला. गाळणं तसंच टाकून मी धावलो. बाबा खुर्चीत झोपले होते. लायटर आईच्या हातात होता.

“मीच दाबला रे,” ती म्हणाली. “आवाज कसा असतो, तेच विसरायला झालं होतं.”