जंगलातले सात आकाशकंदील

सांगावं की नको, असं महिनाभर चाललंय माझं. पण तुम्ही घरचीच माणसं, आणि चहाही अजून गरम आहे, तेव्हा ऐका. माझ्यामुळे एका सकाळी चाळीसेक माणसं जंगलात वेड्यासारखी फिरत राहिली. त्यात माझा मुलगाही होता.

आधी या उन्हाळ्याचं सांगतो. लीड्समध्ये जरा ऊन पडलं की आमच्या नितीनच्या अंगात येतं. घरात कुणी बसायचं नाही. सोमवारी सायकल, बुधवारी क्रिकेट, शुक्रवारी कमरेला दोर बांधून भिंतीवर चढायचं, शनिवारी सकाळी सातला पोहणं, रविवारी डोंगर. गाडीत सदा ओल्या मोज्यांचा वास. बरं, हौस बापाची आणि हाल पोरीचे. रिया, माझी नात, दहा वर्षांची. पाण्याला इतकी घाबरते की शुक्रवारपासूनच तिचं पोट दुखायला लागतं. आणि या सगळ्यात मी कशाला? तर सामानाजवळ बसायला.

रियाला एक गोष्ट मात्र छान जमते. नकाशा वाचणं. जंगलात ठिकठिकाणी खुणा लावून ठेवतात, नकाशा बघत त्या शोधायच्या आणि पळायचं, असा एक खेळ आहे इथे. नितीननं तिला शब्द दिला होता, "यात पहिल्या तिघांत आलीस, तर स्विमिंग बंद."

त्या दिवशी गाडीत ती माझ्या कानाशी आली. "आजोबा, आज मी जिंकली ना, तर मला पाण्यात नाही जायचा."

"जिंकशील गं," मी म्हटलं.

जंगलाच्या तोंडाशी टेबलं मांडलेली. नितीनही मोठ्यांच्या गटात पळणार होता. जाताना म्हणाला, "बाबा, इथंच बसा. कुठं जाऊ नका."

बसलो की. चांगला अर्धा तास बसलो. पण त्या घडीच्या खुर्चीत माझी कंबर धरते, म्हणून जरा पायवाटेनं चालायला लागलो.

तर एका झाडाला काहीतरी लटकत होतं. कापडाचं, नारिंगी-पांढरं, तीन बाजूंचं. अगदी आपला आकाशकंदील, फक्त खाली झिरमिळ्या नाहीत. पुढच्या वळणावर आणखी एक. म्हटलं, कुणीतरी लेकराचा वाढदिवस केला आणि कंदील टाकून गेले वाटतं. आभाळ भरून आलं होतं. भिजले असते बिचारे.

आता माझं कसं आहे, तीस वर्षं मी इथल्याच बसच्या डेपोत झाडलोट केली. सीटवर राहिलेली छत्री, चष्मा, एकदा तर दातांची कवळी. जे राहिलं असेल ते उचलायचं आणि ऑफिसात जमा करायचं. हात आपोआपच जातो. दोरी सोडली, कंदील घडी करून पिशवीत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. चौथा ओढ्यापलीकडे होता, तर बूट काढून पाण्यातून गेलो. इतके लांब लांब का टांगले, हे मनात आलं नाही का? आलं. म्हटलं, पाहुणे पुष्कळ असतील.

सातवा पिशवीत घातला आणि एक मुलगा धावत आला. त्यानं नकाशा बघितला, झाड बघितलं, परत नकाशा बघितला. झाडाला तीन फेऱ्या मारल्या आणि त्याचे डोळे भरून आले.

"हरवलंय का रे काही?" मी आपल्या डेपोतल्या इंग्रजीत विचारलं.

"हो, इथेच असायला हवं होतं."

"बस जरा. सापडेल." त्याला शंकरपाळी दिली. मग एक मुलगी आली, तीही रडवेली. तिलाही बसवलं. थोड्या वेळात ओंडक्यावर पाच पोरं बसून शंकरपाळी खात होती. मला वाटलं, काय हे आईबाप, मुलांना असं जंगलात सोडून देतात.

मग रिया आली. तिनं फेऱ्याबिऱ्या मारल्या नाहीत. सरळ त्याच झाडाखाली येऊन उभी राहिली, नकाशावर बोट ठेवलं, वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे.

"आजोबा, पिशवीत काय आहे?"

"कंदील. कुणीतरी विसरून गेलं. ऑफिसात द्यायचेत."

तिनं डोळे मिटले. "आजोबा, ते रेस आहे."

"कुठं आहे?"

"पिशवीत."

पुढचं काय सांगू. शिट्ट्या वाजल्या. झुडपांतून एकेक माणूस ओरखडे घेऊन बाहेर यायला लागला. सगळ्यात शेवटी नितीन, गुडघ्यापर्यंत चिखल. ओढ्याकाठचा तो चौथा कंदील तो पाऊण तास शोधत होता. खेळ भरवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "किती काढलेत?"

"सात. नीट घड्या घालून ठेवलेत," मी म्हटलं. बाईंनी कपाळाला हात लावला. शर्यत रद्द झाली.

परत येताना गाडीत रिया खिडकीबाहेर बघत होती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

शेवटी नितीन म्हणाला, "रेस झाली नाही म्हणजे जिंकणंही झालं नाही. शनिवारी स्विमिंगला जायचं."

मी सहसा मध्ये बोलत नाही. पण त्या दिवशी बोललो. "चूक माझी आहे. पोरीला कशाला शिक्षा? काय द्यायची ती मला दे."

नितीननं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे. तिच्या जागी तुम्ही जायचं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं घरी येऊन फोनवर नाव घातलंसुद्धा. मोठ्यांचा नवशिक्यांचा वर्गही त्याच वेळेला असतो म्हणे.

तेव्हापासून शनिवारी सकाळी सातला रिया झोपलेली असते, आणि मी डोक्याला रबरी टोपी घालून गार पाण्यात उभा असतो. शिकवणारी मुलगी एकोणीस वर्षांची. मी चौथी नापास माणूस, परवा तिनं मला जन्मातलं पहिलं सर्टिफिकेट दिलं. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढल्याबद्दल. वर बदकाचं चित्र आहे. नितीननं त्याला फ्रेम करून दारासमोरच लावलंय, आणि घरी येणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आधी ते मोठ्यानं वाचतो.